लिलावात गेलेली पुस्तके

आम्ही एम.ए.ला मराठी घेतले तेव्हा दोन बाजूंनी एकच प्रश्न आमच्यावर येऊन आदळला. वर्गात एका सरांनी मोठ्या आपुलकीने विचारले, "तुम्ही मंडळी उर्दू सोडून मराठीकडे कसे काय वळलात?" आणि मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "उर्दू सोडून मराठी शिकताय, काय दिवे लावणार?" दोघांच्याही मनात खोट नव्हती. पण दोघांनीही गृहीत धरले होते की उर्दू आमची होती आणि आम्ही ती सोडली. खरे तर आमच्या चौघांपैकी एकालाही उर्दू लिपी नीट वाचता येत नव्हती. घरात दखनी, शाळेत मराठी आणि नमाजेत अरबी, एवढाच आमचा भाषिक संसार. जे कधी हातात आलेच नाही ते सोडणार तरी कसे?

ही गोष्ट सोलापूरची, १९९०च्या आसपासची. त्याच साली आमच्या शहरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. मागच्या रांगेत बसून आम्ही भाषणे ऐकली आणि परत येताना रात्रभर वाद घातला. विद्रोह, बांधिलकी, अस्मिता हे शब्द तेव्हा आमच्या तोंडी सारखे असत. दलित साहित्याने आम्हाला भारून टाकले होते. कविता म्हणजे व्यवस्थेच्या छातीवर रोखलेले बोट, अशी आमची ठाम समजूत होती. प्रेमाची गझल म्हणजे रिकामटेकड्या नवाबांचा शौक, हेही आम्ही ठरवून टाकले होते.

आणि तरीही आमच्या खोलीत रात्री टेपरेकॉर्डरवर एक गझल वाजत असे. 'निकाह' हा चित्रपट १९८२ साली आला आणि त्यातली गुलाम अलींच्या आवाजातली ती गझल, चोरून रडण्याची आणि भर दुपारी गच्चीवर अनवाणी येणाऱ्या प्रेयसीची, घराघरांत पोहोचली. आम्हाला ती पाठ होती. ती कोणाची, हे कोणी विचारले नाही. कॅसेटच्या वेष्टणावर बारीक अक्षरात नाव होते : हसरत मोहानी. आम्हाला वाटले, असेल कोणी चित्रपटाचा गीतकार.

पुढे शहरातल्या एका जुन्या वाचनालयात, रद्दीत काढायच्या ढिगात, आम्हाला एक उर्दू पुस्तक मिळाले. मुखपृष्ठ फाटलेले होते. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी पहिले पान लावून वाचले आणि म्हणाले, "हसरत मोहानींच्या तुरुंगातल्या आठवणी आहेत. घेऊन जा, इथे कोणी वाचत नाही." हेच ते 'मुशाहिदात-ए-जिंदाँ'. गझलवाला माणूस तुरुंगात कशाला गेला, हे कुतूहल आम्हाला स्वस्थ बसू देईना. आमच्यापैकी एकाच्या अम्मीला उर्दू येत होती. आम्ही तिला खाला म्हणत असू. दर जुम्याला संध्याकाळी ती पानेच्या पाने वाचायची आणि आम्ही देवनागरीत उतरवून घ्यायचो. ती मध्येच थांबायची, अर्थ दखनीत सांगायची, चष्मा पुसायची. आमचे साहित्याचे खरे शिक्षण त्या ओट्यावर झाले, असे आम्हाला आज वाटते.

तिथे समजलेला आणि पुढे इतर वाचनातून जुळवलेला इतिहास थोडक्यात असा.

सय्यद फजलुल हसन हे त्यांचे मूळ नाव. उन्नाव जिल्ह्यातले मोहान हे गाव, म्हणून मोहानी. आणि हसरत हे तखल्लुस. १९०३ साली अलिगढच्या कॉलेजातून ते बी.ए. झाले. त्या काळी अलिगढच्या पदवीधराला सरकारी नोकरीचे दार उघडे असे. हसरतनी ते दार ठोठावलेच नाही. त्याच वर्षी त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. त्यात जुन्या, विस्मरणात चाललेल्या शायरांच्या दीवानांतले निवडक काव्य छापायचे, त्यांच्या चरित्राची माहिती द्यायची, आणि त्याच अंकात स्वदेशीवर आणि इंग्रजांच्या धोरणावर लेखही छापायचे. एकाच वेष्टनात जुनी गझल आणि ताजे राजकारण. पुढे त्यांनी गालिबच्या दीवानावर टीकाही लिहिली. म्हणजे हा माणूस आधी वाचक होता. दुसऱ्यांच्या कविता शोधून, तपासून, छापून वाचकांच्या हाती देणे हे त्याने आयुष्यभराचे काम मानले होते.

राजकारणात त्यांनी गुरू मानले ते लोकमान्य टिळकांना. अलिगढच्या कारभाऱ्यांना सरकारशी निष्ठेचे धोरण जपायचे होते आणि मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे त्यांना वाटे. त्याच अलिगढमध्ये राहून हसरत काँग्रेसमध्ये गेले, आणि तिथेही जहाल गटात. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांच्या बाजूने उभे राहिले. शाळेत आम्ही सुरतेची फूट पाठ केली होती, लाल-बाल-पाल पाठ केले होते. त्या मंडपात टिळकांच्या मागे उभा असलेला अलिगढचा हा तरुण शायर आम्हाला कोणत्याही धड्यात भेटला नव्हता.

१९०८ साल आले. 'उर्दू-ए-मुअल्ला'मध्ये इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक लेख छापून आला होता. लेख निनावी होता. जून महिन्यात हसरतना अटक झाली. लेखकाचे नाव सांगा, म्हणून दबाव आला. त्यांनी नाव सांगितले नाही. संपादक मी, जबाबदारी माझी, एवढेच धरून बसले. राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना दोन वर्षे सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. त्याच साली, २२ जुलैला, 'केसरी'तल्या लेखांसाठी मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कलम तेच, १२४ अ. १८७० साली भारतीय दंडविधानात घातलेले ते कलम एकाच वर्षी पुण्याच्या मराठी संपादकालाही पुरले आणि अलिगढच्या उर्दू संपादकालाही.

दंडाचे पाचशे रुपये हसरतकडे नव्हते. म्हणून सरकारने त्यांची पुस्तके जप्त करून लिलावात काढली. वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमवलेली हस्तलिखिते, दुर्मीळ दीवान, शायरांची चरित्रे असलेले जुने तजकिरे, हे सारे कवडीमोलाने गेले. ज्या पुस्तकांतून ते मासिकासाठी निवड करीत होते, ती पुस्तकेच गेली. हे वाचताना खालाचा आवाज बदलला नव्हता. पण पुढच्या पानावर ती थांबली. तुरुंगात हसरतना धान्य दळायचे काम होते, रोज सुमारे मणभर. खालाने पुस्तक मांडीवर ठेवले आणि विचारले, "इनो बी चक्की पिसे क्या रे?"

आम्हाला तेव्हा त्या प्रश्नाचे मोल कळले नाही. आज कळते. खाला लहानपणी पंढरपूरकडच्या एका खेड्यात वाढली होती. तिच्या आईने पहाटे जात्यावर बसून मराठीत ओव्या म्हटल्या होत्या; माहेरच्या, भावाच्या, पीरसाहेबाच्या आणि विठोबाच्याही. हात दळतो आणि तोंड गाते, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. हसरतनेही तेच केले. कागद नाही, दौत नाही, पुस्तक नाही. शेर मनात जुळवायचे आणि मनातच राखून ठेवायचे. चक्की पिसता पिसता कवितेचा रियाज चालू असल्याचे त्यांनी एका मतल्यात सांगून ठेवले आहे आणि उर्दू जगतात ते सर्वतोमुखी आहे.

इथे आमच्यात पहिला मोठा वाद झाला. आमच्यातला एकजण म्हणाला, "टिळकांना मंडालेत पुस्तके मिळाली, कागद मिळाला, त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ह्याला जाते मिळाले. आपल्या माणसाचा वाटा असाच." दुसरा म्हणाला, "तू दोघांना तराजूत घालतोस, पण हसरतने स्वतः घातले नसते." हे खरे होते. टिळकांना सक्तमजुरी नव्हती आणि ग्रंथ मिळत होते, हे सत्य आहे. पण मंडाले काही महाल नव्हता. उष्मा, आजार आणि सहा वर्षांची एकलकोंडी कैद होती. आणि १९२० साली टिळक गेले तेव्हा त्यांच्यासाठी शोककविता लिहिणाऱ्यांत हसरत होते. आपल्या इतिहासाची उपेक्षा झाली, ही तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार करताना ज्या माणसाबद्दल बोलतो त्याची मैत्री आणि निष्ठाच पुसून टाकली, तर उपेक्षेत आपणही भर घालतो. त्या संध्याकाळी आम्ही हे शिकलो.

दुसरा वाद कवितेचा होता. एवढा मोठा बंडखोर माणूस, पण त्याच्या दीवानात शोधू गेलो तर बहुतेक ठिकाणी प्रेम. साधे, घरगुती, लाजरे प्रेम. आम्ही विद्रोहाची ओळ शोधत होतो आणि सापडत होती ती ओढणी सावरणारी मुलगी. आम्हाला हे फसवणुकीसारखे वाटले. मग हळूहळू उमगले की आमची वाचण्याची रीत चुकत होती. आम्ही कवितेकडून घोषणा मागत होतो. घोषणा तर त्या माणसाने वेगळी दिलीच होती. 'इन्किलाब जिंदाबाद' ह्या घोषणेचे जनकत्व त्यांच्याकडेच जाते, आणि १९२९ साली भगतसिंगांनी ती देशभर नेली. पण गझल हे त्यांच्यासाठी घोषणेचे दुकान नव्हते. दुसऱ्याची भाकरी दळताना, जेलरच्या नजरेखाली, एखादा माणूस आपल्या प्रेमाची आठवण शाबूत ठेवतो आणि तिला छंदात बसवतो, तेव्हा तो सत्तेला एवढेच सांगत असतो की माझ्या आत तुझा हुकूम चालत नाही. हा नकार घोषणेपेक्षा कमी नाही. मग आम्ही ती कॅसेट पुन्हा लावली. गझल तीच होती, पण आम्ही ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

हे सगळे एकट्या हसरतने पेलले नाही. त्यांच्या बेगम निशातुन्निसा मागे राहून छापखाना, मासिक आणि घर ओढत राहिल्या. १९१३ साली सरकारने छापखान्याकडे तीन हजारांचा जामीन मागितला आणि मासिक बंद पडले, तेव्हा ह्या दांपत्याने स्वदेशी मालाचे दुकान चालवले. १९१६ साली हसरतना पुन्हा अटक झाली. त्या काळात बेगम स्वतः राजकारणात उतरल्या आणि १९१७ साली भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळात त्यांचे नाव होते. आमच्या सभांमधून मुस्लिम स्त्रीच्या मागासलेपणावर तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. त्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

१९२१च्या डिसेंबरात अहमदाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वराज्य म्हणजे परकीय सत्तेपासून संपूर्ण मुक्त स्वातंत्र्य, असा ठराव हसरतनी मांडला. गांधीजींनी विरोध केला आणि ठराव पडला. तीच मागणी काँग्रेसने १९२९ साली लाहोरला स्वीकारली. मध्ये आठ वर्षे गेली. अहमदाबादेतच त्यांनी मुस्लिम लीगच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषण केले आणि त्यासाठी १९२२ साली त्यांच्यावर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. ह्या वेळी शिक्षा भोगायला त्यांना आणले ते आपल्या येरवड्यात.

येरवडा म्हटले की आम्हा सोलापूरकरांच्या पोटात कालवते. १९३०च्या मार्शल लॉनंतर आमच्या शहरातले चार जण तिथे १२ जानेवारी १९३१ला फाशी गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ह्यांतले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवीत. चार हुतात्मा चौकातून आम्ही रोज कॉलेजला जात होतो. त्याच तुरुंगात काही वर्षे आधी हा उर्दू शायर कैदेत होता, ह्याचा पत्ता आम्हाला नव्हता.

आणि येरवड्यात त्यांनी काय लिहिले? १९२३च्या सुमारास त्यांनी श्रीकृष्णावर कविता लिहिल्या, काही उर्दूत, काही अवधीच्या वळणाच्या बोलीत. हा माणूस पाच वक्तचा नमाजी, पुढे अनेकदा हजला जाऊन आलेला. तोच जन्माष्टमीला मथुरेची वाट धरी. ह्याबाबतीत आपण आपल्या पीरांच्या, बांशाच्या दर्ग्याच्या परंपरेतल्या प्रेममार्गाने चालतो, असे त्यांनी म्हणून ठेवले आहे. उत्तरेतल्या वाचकाला ह्याचे नवल वाटेल. मराठी मुसलमानाला वाटायला नको. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो ह्याच मातीत. कैदी म्हणून पुण्यात आलेल्या हसरतला शेख महंमद वाचायला मिळाले असते तर, असा विचार आमच्या मनात कैकदा येऊन गेला. मिळाले नाहीत. दोन भाषांमधले दार तेव्हाही बंदच होते.

हसरतचे उरलेले आयुष्य सरळ रेषेत बसत नाही, आणि ते ओढूनताणून बसवू नये. १९२५ साली कानपूरच्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे ते मुस्लिम लीगमध्ये राहिले, लीगतर्फे निवडूनही आले. पण फाळणीची योजना त्यांना मान्य झाली नाही आणि १९४७ नंतर ते इथेच राहिले. घटना समितीचे सभासद म्हणून तिथेही ते बहुमताच्या विरोधात उठून बोलत राहिले. १३ मे १९५१ला लखनौत त्यांचे निधन झाले. काँग्रेसवाल्यांना त्यांचे लीगपर्व अडचणीचे, लीगवाल्यांना त्यांचे इथे राहणे अडचणीचे, कम्युनिस्टांना त्यांचे हज आणि मौलवींना त्यांचा कृष्ण. म्हणून प्रत्येकाने त्यांच्यातले सोयीचे तेवढे घेतले, आणि उरलेल्यांनी गच्चीवरची गझल घेतली.

त्यांच्या काही निर्णयांशी आमचेही पटत नाही. लीगमधली त्यांची वर्षे आम्हाला आजही कोड्यात टाकतात. पण असहमत होण्याचा हक्क त्यांनी फक्त इंग्रजांविरुद्ध वापरला नाही. कॉलेजच्या वडीलधाऱ्यांशी, गांधीजींशी, आपल्या पक्षाशी, आपल्या जमातीशी, जिथे पटले नाही तिथे ते उठून बोलले आणि किंमत स्वतः मोजली. परक्याशी भांडणे सोपे असते. ज्यांच्या लग्नाला जायचे आणि ज्यांच्या जनाज्याला खांदा द्यायचा, त्यांच्यासमोर 'मला हे पटत नाही' म्हणायला जास्त बळ लागते. आमच्या पिढीने सरकारवर लिहिले, बहुसंख्याकांवर लिहिले. मोहल्ल्यावर लिहिताना मात्र आमची लेखणी पुष्कळदा अडखळली. हे कबूल केलेले बरे.

आता शेवटची गोष्ट, ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले.

खाला गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या मागे घर विकायचे ठरले तेव्हा आम्ही गेलो. अंगणात उर्दू पुस्तकांचा ढीग पडला होता आणि रद्दीवाला काटा घेऊन बसला होता. नातवंडे इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यांना त्यातले एक अक्षर येत नव्हते. कुराणशरीफ आणि दीनी किताबे तेवढी अदबीने बाजूला काढून मशिदीत पोहोचवली होती. बाकीचे सगळे वजनावर. आम्ही थोडी पुस्तके उचलून आणली. उशीर झाला होता. तुरुंगातल्या आठवणींचे ते फाटके पुस्तक त्यात सापडले नाही.

हसरतची पुस्तके लिलावात गेली तेव्हा हुकूम सरकारचा होता. आमच्या अंगणातल्या लिलावाला कोणाचा हुकूम लागला नाही. राजद्रोहाच्या त्या कलमाला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून जुना दंडविधानच गेला आणि त्याच्या जागी नवी संहिता आली. त्या संहितेतल्या कलमांवर वाद चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण ज्या घरात वाचणारे उरले नाहीत, तिथे कुठल्याही कलमाची गरज पडत नाही. पुस्तके आपोआप गप्प होतात.

तुरुंगातून १९०९ साली सुटल्यावर हसरतनी 'उर्दू-ए-मुअल्ला' पुन्हा सुरू केले. पुस्तके गेली होती, तरी पुन्हा जमवायला घेतली. आम्हाला एवढे मोठे काही करायचे नाही. आपल्या घरात आजोबांची, नानीची अशी एखादी पेटी असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ती एकदा उघडावी. लिपी येत नसेल तर येणाऱ्या कोणाला तरी शेजारी बसवावे. तो वाचील, आपण देवनागरीत उतरून घ्यावे, आणि जमले तर त्यातली दोन पाने मराठीत आणावीत. आमच्या चौघांकडे त्या जुम्याच्या संध्याकाळच्या तीन वह्या अजून आहेत. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. ह्या वर्षी आम्ही त्या पुन्हा लिहून काढायला घेतल्या आहेत.